पऱ्हाटीपासून ब्रिकेट: चोपडा-शिरपूर पट्ट्यात ताशी एक टनाचा प्लान्ट चालेल का?

तापीकाठ

चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी विचारतो आहे. सभासदांची मिळून साधारण ३,००० एकर कपाशी. वेचणीनंतर उरलेली कपाशीची वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाट्या, डिसेंबर-जानेवारीत बांधावर रचतात, नाहीतर पेटवून देतात. त्यांची भुकटी दाबून जळणाच्या कांड्या (ब्रिकेट, म्हणजेच पांढरा कोळसा) करायचा बेत आहे. ९० मिमी जाडीची कांडी काढणारा ब्रिकेट प्रेस, ताशी एक टन, सोबत हॅमर मिल (भुकटी करणारी गिरणी) आणि ड्रायर असं कोटेशन आलंय. विकणारा म्हणतो वर्षाला २,५०० टन माल निघेल, सरकारी अनुदान आहे, दीपनगरचं औष्णिक केंद्र जवळच आहे, चिंता नको. जाणकारांनी जरा पिसं काढावीत. कच्चा माल, झीज, ग्राहक, योजना, सगळ्यावर.

जमाखर्च

आधी एकराचा हिशेब करू, मग यंत्राचा.

२,५०० टन म्हणजे रोज १० तास, वर्षाला २५० दिवस. ब्रिकेटमध्ये ओलावा १० टक्के धरला आणि पऱ्हाटी १५ टक्के ओलाव्यावर घेतली, तर २,५०० टनाला २,६५० टन लागते. धूळ, सांडलवंड, माती धरून २,७५० म्हणा. कोरडवाहू आणि बागायती सरासरीत एकरी हाती येणारी वाळलेली पऱ्हाटी ६५० किलोच्या वर धरू नका. शेतात उभी दिसते त्यापेक्षा हे कमी आहे, कारण मुळाशी तुटते, पानं-बोंडं झडतात, उचलताना राहते. म्हणजे ४,२०० एकर हवेत, आणि प्रत्येकाने दिली तर.

तुमच्याकडे ३,००० एकर. निम्म्यांनी दिली तरी फार झालं. १,५०० एकरांचे ९७५ टन, त्यातून ब्रिकेट ८८० टनांच्या आसपास. एवढ्यात प्रेस वर्षाचे जेमतेम ९० दिवस चालेल. विकणाऱ्याचा २,५०० चा आकडा यंत्राचा आहे, तुमच्या शिवाराचा नाही.

रॅम_आणि_डाय

जमाखर्च भाऊंचा हिशेब बरोबर. आता यंत्राकडे.

ब्रिकेटला डिंक, चिकणमाती, मळी काही लागत नाही. लाकडातलं लिग्निन दाबाने आणि घर्षणाच्या उष्णतेने मऊ होतं आणि थंड होताना घट्ट धरतं. त्यामुळे सगळा खेळ दोन गोष्टींवर: ओलावा आणि भुकटीचा आकार.

ओलावा ८ ते १२ टक्के. १२ च्या वर गेला की आत वाफ कोंडते, कांडी आडवी तडकते, आणि फार ओलं असेल तर डायमधून (कांडी घडवणाऱ्या साच्यातून) माल तोफेसारखा बाहेर फेकला जातो. कूलिंग लाइनच्या (कांडी थंड होत जिच्यावरून पुढे सरकते त्या लांब पट्टीच्या) तोंडासमोर माणूस उभा करू नका, हा नियम भिंतीवर रंगवून ठेवा. ८ च्या खाली गेलं तर कांडी धरत नाही, ट्रकमध्ये भरताना चुरा होतो.

भुकटी हॅमर मिलच्या ६ ते ८ मिमी जाळीतून आलेली हवी, त्यात दहा-वीस टक्के बारीक पीठ असलं तर कांडी गुळगुळीत येते. इथे पऱ्हाटीचा खास त्रास सुरू होतो. तिची साल तागासारखी तंतुमय असते. हातोड्यांच्या शाफ्टला, फीडर स्क्रूला ती गुंडाळते आणि हॉपरमध्ये पूल बांधते: वरून माल दिसतो, खाली प्रेस उपाशी. उपाय म्हणजे पऱ्हाटी नीट वाळवणे (ओली साल चिवट, कोरडी साल तुटते), हॉपरच्या भिंती उभ्या ठेवणे आणि आत ढवळणारा दांडा बसवणे. बोंडात राहिलेला कापूस शाफ्टच्या बेअरिंगपाशी जमला तर तिथेच धूर निघतो. दर पाळीला शाफ्ट साफ केलाच पाहिजे.

झीज: रॅम (माल डायमध्ये ठोकणारा दट्ट्या), स्क्रॅपर रिंग, वेअर रिंग, टेपर डाय, स्प्लिट डाय. हे पाच भाग म्हणजे तुमचा खरा चालू खर्च. झीज लाकडाने होत नाही, मातीने होते. काळ्या जमिनीत मुळासकट उपटलेल्या पऱ्हाटीला ढेकूळ चिकटलेलं असतं, त्यातली वाळू डाय खाते. मुळं आपटून घ्या, नाहीतर श्रेडरनंतर (पऱ्हाटीचे तुकडे करणाऱ्या यंत्रानंतर) फिरती गोल चाळणी बसवा. लोहचुंबक तर हवाच, तार आणि खिळे निघतातच. एक सेट डाय-रॅम कायम शिलकीत ठेवा. घासलेला रॅम वेल्डिंगने भरून खरादीवर पुन्हा मापात आणता येतो. जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत हे काम करणारे आहेत.

वीज: श्रेडर वगळून हॅमर मिल आणि प्रेस मिळून टनाला ७०-८० युनिट धरा. मोटर, फीडर, ब्लोअर मिळून भार सव्वाशे एचपीच्या पुढे जातो, त्यामुळे जोडणीचा अर्ज यंत्राच्या ऑर्डरआधी.

आणि ड्रायर? तो तुम्हाला कशाला हवा? फेब्रुवारी-मार्चचं खान्देशातलं ऊन फुकट आहे.

काळी_माती

कृषीच्या बाजूने एक मोठी गोष्ट राहिली. शेंदरी बोंडअळी.

अळी न फुटलेल्या बोंडांत आणि कवड्यांत (किडून घट्ट राहिलेल्या कापसात) सुप्त अवस्थेत बसते. म्हणूनच कृषी विभाग आणि विद्यापीठं सांगतात की डिसेंबरअखेर कपाशी संपवा, फरदड (त्याच झाडांवर पुढचा बहर) घेऊ नका, पऱ्हाट्यांचे ढीग शेताजवळ ठेवू नका. आता तुम्ही पूर्ण तालुक्याच्या पऱ्हाट्या आणून जूनपर्यंत एका आवारात रचल्या, तर आजूबाजूच्या मे-जूनच्या कपाशीला बोंडअळीचा पतंग घरपोच दिला असं होईल.

म्हणून अख्खी पऱ्हाटी साठवू नका. शेतातच श्रेडर लावा. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर) चालणारा श्रेडर, ४५ एचपीच्या वरचा ट्रॅक्टर. बोंडं चिरडली जातात, तुकडे उन्हात पातळ पसरले की अळी मरते. वर वाहतुकीचाही प्रश्न सुटतो: अख्ख्या पऱ्हाटीची ट्रॉली डोंगराएवढी दिसते आणि वजन जेमतेम टनभर. तुकडे केले तर त्याच ट्रॉलीत पावणेदोन-दोन टन जातं.

वेळापत्रक असं बसवा. शेवटची वेचणी झाली की शेतकऱ्याने शेळ्या-मेंढ्या सोडाव्यात, त्या हिरवी बोंडं आणि पाला खाऊन टाकतात. मग लोखंडी चिमट्याने उपटून तीन-चार आठवडे शेतातच आडवी वाळत ठेवावी. जानेवारीअखेर ते मार्च श्रेडर फिरवावा. ताज्या पऱ्हाटीत निम्म्याच्या आसपास पाणी असतं. तिला श्रेडरमध्ये घालून लगेच ढीग केला तर आतून तापते आणि बुरशी येते.

सातपुडा_पायथा

थोडं उलट बोलतो. आमच्या भागातल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी. शेतातली काडी उचलून बॉयलरमध्ये घालायची आणि त्याला हरित म्हणायचं, हे पटत नाही. दुसरं, पऱ्हाटी आज कुणाच्या चुलीत जाते ते बघा. मजूर बाया वेचणी संपल्यावर मोळी नेतात. तुम्ही भाव दिला की ती मोळी बंद. अनुदानाच्या टिपणात हा खर्च कुठेच येत नाही.

काळी_माती

दोन्ही मुद्दे रास्त आहेत. पहिल्यावर: पऱ्हाटी म्हणजे सोयाबीनचं कुटार नव्हे. तिच्यात लाकूडपणा जास्त, नत्र कमी. तशीच रोटाव्हेटरने गाडली तर जिवाणू ती कुजवायला जमिनीतलंच नत्र ओढतात आणि पुढचं पीक पिवळं पडतं. तुकडे बारीक करून, शेण आणि थोडा युरिया देऊन, ओल राखून खत होतं, पण उन्हाळ्यात त्याला पाणी कुठून आणणार? माझं मत: बागायतदाराने निम्मी जमिनीत द्यावी, निम्मी विकावी. पानं, चिरडलेल्या कवड्या आणि श्रेडरखालचा बारीक चुरा शेतातच राहू द्यावा. अन्नद्रव्यं त्यातच जास्त असतात, आणि राखही त्याचीच जास्त होते, त्यामुळे ब्रिकेटवाल्यालाही तो नकोच असतो.

मोळीच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. उपटणं आणि पसरणं या कामाची मजुरी त्याच बायांना मिळावी अशी अट कंपनीने घालावी, एवढंच सुचतं.

बंबवाला

ग्राहकाच्या बाजूने लिहितो. जळगाव, धुळे, नरडाण्याकडचे छोटे बॉयलर हा तुमचा पहिला बाजार. तेलगिरण्या, कापड प्रक्रिया, दूध, खाद्यपदार्थ.

स्वच्छ पऱ्हाटीच्या ब्रिकेटची उष्णता किलोला ३,८०० ते ४,००० किलोकॅलरी. ४,५०० चा कोळसा वापरणाऱ्याला एक टन कोळशाच्या जागी साधारण १.१५ टन ब्रिकेट लागेल. त्यामुळे भाव टनावर बोलू नका, उष्णतेवर बोला. खरेदीदार तोच हिशेब करतो.

कोळशाच्या सवयीने ब्रिकेट जाळली की तक्रारी सुरू होतात, म्हणून हे ग्राहकाला आधीच सांगावं. बायोमासमध्ये उडून जाणारा वायूरूप भाग ७० टक्क्यांच्या आसपास, कोळशापेक्षा खूप जास्त. ज्वाला लांब होते, जाळ जाळीवर कमी आणि वरच्या पोकळीत जास्त. जाळीखालची हवा कमी करायची, वरून दुसरी हवा वाढवायची. हे केलं नाही तर चिमणीतून काळा धूर, आणि दोष तुमच्या मालाला. राखेत पोटॅश असतं, ती कमी तापमानाला वितळते, जाळीवर खंगर धरतो. थर पातळ ठेवा, राख वेळेवर ओढा, नळ्या घासायची पाळी कोळशापेक्षा लवकर लावा. मातकट माल आला तर खंगर दुप्पट, आणि पुढच्या महिन्यात ऑर्डर बंद.

पावसाळ्यात ब्रिकेट उघड्यावर ठेवली तर एका सरीत भुसा होते. ताडपत्री पुरत नाही, खाली फळ्या आणि वर पत्रा हवा. बहुतेक लहान ग्राहकांकडे जागा नसते, म्हणजे साठा तुम्हीच सांभाळायचा.

तापीकाठ

आणि दीपनगर? ५ टक्के बायोमास सक्तीचं आहे ना?

बंबवाला

सक्ती आहे, पण ती ब्रिकेटची नाही, पेलेटची (दाबून केलेल्या छोट्या गोळ्यांची). केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाचं धोरण ऑक्टोबर २०२१ मध्ये सुधारलं. जून २०२३ च्या बदलात औष्णिक केंद्रांनी वजनाच्या ५ टक्के बायोमास २०२४-२५ पासून आणि ७ टक्के २०२५-२६ पासून मिसळावं असं ठरलं. समर्थ नावाचं राष्ट्रीय मिशन त्यासाठीच. निविदा भरताना त्या दिवशी लागू असलेला आदेश वाचा, हे नियम बदलत असतात.

५०० मेगावॉटचा एक संच ७० टक्के भाराने चालला तर रोज सुमारे ८४ लाख युनिट होतात. युनिटला ७०० ग्रॅम कोळसा धरला तर रोज ५,९०० टन. त्याचे ५ टक्के म्हणजे जवळपास २९० टन, एका दिवसाचे. तुमचा प्रेस दहा तासांत १० टन देणार. तुमच्यासारखे एकोणतीस प्लान्ट एका संचाला.

९० मिमीची कांडी तिथे चालत नाही. कोळशाच्या गिरणीत ती दळली जात नाही. तंतू चपटे होतात, पीठ होत नाही. म्हणून रिंग डायचे छोटे पेलेट मागतात. ओलावा १४ टक्क्यांच्या आत, घनमीटरला किमान ६०० किलो, चुरा कमी. बायोमास लवकर पेट घेतं म्हणून गिरणीत जाणाऱ्या गरम हवेचं तापमानही उतरवावं लागतं, आणि बंकरमध्ये माल साठवून ठेवत नाहीत. पेलेटला वीज टनाला १०० युनिटच्या पुढे, डाय महाग, आणि मातीची सहनशक्ती ब्रिकेटपेक्षा कमी. पुरवठ्यात खंड पडला तर दंड. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका असं मी म्हणेन.

केळी_बागाईत

भाऊ, रावेर-यावलकडे केळीची खुंटं फुकट पडलेली असतात, घड उतरवला की एकरी ट्रॉल्याच्या ट्रॉल्या. पऱ्हाटी कमी पडली तर ती नाही का घालता येणार?

रॅम_आणि_डाय

नाही. केळीच्या खोडात ९० टक्क्यांच्या वर पाणी. एक टन खोडातून शंभर किलोही कोरडा माल निघत नाही, तेवढं पाणी उडवायला लागणारी उष्णता त्या मालात नसते. त्याचं स्थान धागा काढणं, गांडूळखत किंवा गोबरगॅस.

पऱ्हाटीला जोड हवी असेल तर तुराट्या उत्तम, कांडी चांगली धरते. मक्याची बुरकुंडं चालतात पण कडक, हॅमर मिलचे हातोडे लवकर बोथट होतात. भुईमुगाची टरफलं आणि लाकडी भुसा मिळाला तर सोडू नका, पऱ्हाटीत २०-३० टक्के मिसळला की तंतूंचा त्रास कमी होतो. सोयाबीनचं कुटार हलकं आणि राखेचं, तेही जनावरांच्या तोंडचं काढू नये.

जमाखर्च

आता योजनांबद्दल. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून सविस्तर.

केंद्राच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात (२०२१-२२ ते २०२५-२६) ब्रिकेट-पेलेट प्लान्टला ताशी टनामागे ९ लाख, कमाल ४५ लाख असं अनुदान जाहीर झालं. हे पैसे प्लान्ट उभा राहून चालल्याचं दाखवल्यावर येतात. तोवर बँकेचं व्याज तुमचं. टप्प्याची मुदत २०२५-२६ पर्यंतचीच, त्यामुळे नवीन अर्जाची स्थिती पोर्टलवर तपासल्याशिवाय कोटेशनवर सही करू नका. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ आणि विशेष गटांना ३५ टक्के. श्रेडरसाठी कृषी यांत्रिकीकरणातून ४० ते ५० टक्के, अवजार बँक म्हणून घेतला तर कंपनीला सोयीचं. गोदामासाठी २०२० च्या पॅकेजमधला कृषी पायाभूत सुविधा निधी: २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत, ७ वर्षं. तो काढणीपश्चात सुविधांसाठी आहे, त्यामुळे शेड शेतमालाच्या साठवणुकीलाही वापरणार असाल तर तसंच अहवालात मांडा आणि बँकेला आधी विचारा.

आता खरी गोम. समजा विकणाऱ्याच्या स्वप्नाप्रमाणे २,७५० टन पऱ्हाटी प्लान्टवर पोहोच २,५०० रुपये टनाने घेतली. होतात जवळपास ६९ लाख, आणि ते सगळे जानेवारी ते मार्चमध्ये मोजायचे. शेतकरी उधार देणार नाही, देऊही नये. विक्री मात्र वर्षभर टप्प्याटप्प्याने. सरासरी निम्मी रक्कम अडकून राहिली आणि व्याज ११ टक्के धरलं तर वर्षाला पावणेचार लाख, म्हणजे ब्रिकेटच्या टनाला दीडशे रुपये. दुसरीकडे ९ लाखांचं अनुदान दहा वर्षांच्या २५,००० टनांवर वाटलं तर टनाला ३६ रुपये.

हरित उद्योगाला चालना म्हणून पैसा येतो तो यंत्राच्या किमतीवर. धंदा बुडतो तो तीन महिन्यांच्या खरेदीत आणि नऊ महिन्यांच्या साठवणीत. खेळत्या भांडवलावर व्याज सवलत आणि पत्र्याची शेड दिली असती तर यंत्राचं अनुदान नसतं तरी चाललं असतं. अनुदान मिळतं म्हणून मोठं यंत्र घेणं हा तर सरळ तोटा. तुमच्या ९७५ टनांना अर्ध्या टनाचा ७० मिमी प्रेस पुरतो.

तापीकाठ

साठवणीला जागा किती धरू? आणि गेटवर ओलावा कसा मोजायचा? ट्रॉलीवर पाणी मारून आणतील ही भीती खरी आहे.

रॅम_आणि_डाय

जागा: वाळलेल्या तुकड्यांचं वजन घनमीटरला १८० किलो धरा. ९७५ टनांना ५,४०० घनमीटर. तीन मीटर उंचीचे ढीग केले तर नुसते ढीगच १८ गुंठे व्यापतात. ढिगांमध्ये ट्रॅक्टर फिरेल आणि आग पसरणार नाही एवढी वाट सोडली की एकरभर जागा झाली. ढिगात २० टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर आतून गरम होतो. लोखंडी सळई खुपसून अर्धा तास ठेवा, बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर तो ढीग त्याच दिवशी मोडा. जळगावचा मे महिना माहीतच आहे. वरून जाणारी विजेची तार, वेल्डिंग, विडी, तिन्ही आवाराबाहेर. पाण्याची टाकी आणि पंप प्रेसच्या मीटरवर नको, वेगळ्या जोडणीवर, कारण आग लागली की पहिला मेन स्विच बंद करतात.

ओलावा: टोचायचा मीटर तुकड्यांवर भरवशाचा नाही. ट्रॉली रिकामी होत असताना वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ घ्या, एकत्र करून १०० ग्रॅम मोजा, १०५ अंशाच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. ७८ ग्रॅम राहिलं तर ओलावा २२ टक्के.

जमाखर्च

आणि पैसे १५ टक्क्यांच्या पायावर द्या. वजन गुणिले (१०० वजा ओलावा) भागिले ८५. दोन टनाची ट्रॉली २५ टक्के ओलाव्याची आली तर २,००० × ७५ ÷ ८५ = १,७६५ किलोचे पैसे. पाणी मारून आणणाऱ्याला डिझेल फुकट जातं, त्याचा तो सुधारतो. सूत्र फलकावर लावा म्हणजे वाद नको.

सातपुडा_पायथा

कार्बन क्रेडिटचं कोणी बोललं नाही. विकणारा तेही दाखवतो ना?

बंबवाला

दाखवतो. हिशेब असा: एक टन ब्रिकेट म्हणजे साधारण १६ गिगाज्यूल. तेवढ्या उष्णतेला कोळसा जाळला तर दीड टन कार्बन डायऑक्साइड. त्यातून विजेचे ५०-६० किलो आणि श्रेडर-ट्रॅक्टरच्या डिझेलचे (लिटरला २.७ किलो) वजा करा, तरी १.४ टनाच्या आसपास वाचतं. पर्यावरणाच्या दृष्टीने फायदा खराच. पण ८८० टनांवर ते सव्वाबाराशे टन होतं, आणि नोंदणी, मोजणी, पडताळणीचा खर्च प्रकल्प लहान असला म्हणून लहान होत नाही. पाच-सहा कंपन्या एकत्र आल्या तर बघा. ताळेबंदात आज शून्य धरा.

अहिर_गडी

जमाखर्च भाऊनं म्हननं बरोबर शे. पह्यले काड्या गोळा करी दखाडा, मंग यंत्र.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. संचालकांसमोर असं ठेवतो: कोटेशनमधून ड्रायर काढायचा, ९० ऐवजी ७० मिमी, आणि पहिल्या हंगामात फक्त श्रेडर व शेड. तुकडे आहेत त्या ब्रिकेटवाल्यांना विकायचे, ओलाव्याच्या सूत्रावर. श्रेडरच्या पात्यांबद्दल कोणाला माहिती असेल तर लिहा, पऱ्हाटीला साधी पाती पुरतात की कार्बाइड टोकाची घ्यावीत?

रॅम_आणि_डाय

साधी कठीण केलेली, दोन्ही बाजूंनी धार असलेली घ्या. कार्बाइडचं टोक दगडाला लागलं की उडतं, आणि तापीकाठच्या शेतात दगड नाही असं कोण सांगेल. दोन सेट ठेवा, रोज संध्याकाळी उलटवा, धार बेंच ग्राइंडरवर पाणी मारत लावा. पातं निळं पडलं तर त्याचं पाणी उतरलं, ते टाकून द्या. बदलताना समोरासमोरची पाती जोडीने आणि सारख्या वजनाची बदला, नाहीतर रोटर थरथरतो आणि बेअरिंग जातं.